आठ मिलिमीटर

यवतेश्वरच्या उतारावर गेले पंधरा दिवस
गाडी चिरकत होती,
तुटका खडू फळ्यावर ओढावा तशी.
तिसऱ्या वळणावरची माकडंसुद्धा
कठड्यावरून उठून बघायला लागली
तेव्हा म्हटलं, आता एक रविवार द्यावाच लागणार.

पोवई नाक्यावर पॅडचा खोका घेतला.
"बसवणार कोण?" दुकानदार म्हणाला.
"मीच" म्हटलं,
तर त्यानं माझ्यामागे कुणी उभं आहे का ते पाहिलं.

गोडोलीतल्या आमच्या बोळात
मागच्या चाकांना विटा लावल्या.
आधी नट सैल, मग जॅक, एवढं ठाऊक होतं.
पान्यावर उभी राहिले, सगळीच्या सगळी चौपन्न किलो,
नट ढिम्म.
जरा उडी मारली तेव्हा एक कुरकुरला.
शार्दूल बॅटरी धरून होता,
उजेड मात्र सारखा शेजारच्या मांजरीवर.

चाक निघालं.
आत तबकडी, आरशासारखी घासलेली,
आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारी पॅडं.
बाहेरचं अजून जरा बरं,
आतलं पार नखाएवढं.
इतके दिवस मी वाकून बघायचे
ते बाहेरचंच.

कंपासपेटीतली पट्टी लावली.
नवं दहा, जुनं दोन.
"आई, मधले आठ कुठं गेले?"
उजेड पहिल्यांदाच नीट जागेवर आला होता.
मला उत्तर आलं नाही.

मुलाणी चाचा दात घासत पायरीवर येऊन बसले.
एसटी डेपोत एकतीस वर्षं.
"मी हात लावायचा न्हाई. तूच कर."
पिस्टन मागे जाईना. अंगठे लाल झाले.
"टाकीचं झाकण उघड की आधी,
तेल कुठं जाईल बिचारं?"
मग सुताराचा शिकंजा,
मध्ये जुनंच पॅड ठेवून, अर्धा अर्धा आटा.
पिस्टन सरकला,
वरातीत वाट देणाऱ्या जाड पाहुण्यासारखा,
नाखुशीनं, पण पूर्ण.

पिनांना ग्रीस, नवी पॅडं, बोल्ट, चाक.
दुसरी बाजू निम्म्या वेळात.
चाचा चहाला आत गेले.
साडेअकरा. कोपरापर्यंत काळी मी,
आणि मनात थोडासा माज.

गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला,
ब्रेकवर पाय ठेवला
तर पेडल थेट तळाला.
तिथं कुणीच नव्हतं.
बोळ उताराचा. मागे जास्वंदीची कुंडी,
तिच्यामागे चाचांची स्कूटर.
हँडब्रेक कधी ओढला ते आठवत नाही.
कुंडी फुटली. स्कूटर वाचली.

चाचा कपबशीसकट बाहेर.
"पेडल मारलं न्हाईस आधी?
पिस्टन तू मागं सारलास,
त्याला पुढं कोण बोलावणार, मी?"
फुटक्या कुंडीकडं बघून मग हळूच,
"माझी बी गेलती एकदा.
डेपोची भिंत बघ जाऊन."

जागेवर उभ्या गाडीत पेडल दाबत बसले.
पोकळ. पोकळ. जरा कमी पोकळ.
सहाव्याला पायाखाली वजन आलं,
आडातल्या दोराला भरली बादली लागावी तसं.
मग गोडोलीच्या रिकाम्या रस्त्यावर
चाळिसावरून दहा, चाळिसावरून दहा.
शार्दूल मागच्या सीटवर मोजत होता,
बारानंतर झोपला.

सोमवारी शाळा सुटल्यावर घाट उतरले.
आवाज नाही.
कानांना काम नसल्यामुळे डोळे हिंडत राहिले,
कारवीच्या धुळकट पानांवर,
कठड्याच्या दगडांवर.
ते आठ मिलिमीटर इथंच असणार.
चार वर्षं, वळणावळणाला चिमूटभर,
काळी पूड करून मी पेरत आलेय.
त्या रात्री रानडुक्कर आडवं आलं,
तेव्हाच केसभर गेले असतील.
घरी जाऊन शार्दूलला सांगायला हवं.
आणि कुंडी आणायला हवी.

तिसऱ्या वळणावर माकडं बसूनच राहिली.
एकानं फक्त मान वळवली.
गाडी ओळखली नसावी.